आधी मी खुर्चीत बसले

आज सकाळी गौरीला दातांच्या डॉक्टरांकडं नेलं. माझी लेक सतरा वर्षांची, ऑटिस्टिक. दाढ दुखायला लागल्यापासून स्वतःचं मनगट रक्त येईपर्यंत चावते.

तिला बघून बाकावरच्या बायका उठून लांब बसल्या. बसू दे.

डॉक्टर म्हणाले, "ताई, आधी तुम्ही खुर्चीत बसा. तिला बघू द्या." मी बसले, आ केला. गौरीनं मनगट सोडलं आणि माझ्या तोंडात डोकावून पाहिलं. मग तिनंही तोंड उघडलं.

डॉक्टर मात्र माझ्याकडंच बघत होते. "तुमची दाढ लई किडलीय. दुखत नाय व्हय?"

दुखते ना. पण मी आडवी पडले तर हिचे हात कोण धरणार?

या ग्रुपवर आपण एवढे जण आहोत. माझी दाढ काढेपर्यंत गौरीजवळ कुणी बसेल का?