रस्सा पाहून वाइन सांगणारा

"पास्ता काय पाहता साहेब, त्याचा रस्सा पाहा. मग वाइन मागवा."

मनीषनगरच्या एका हॉटेलात वेटर धर्मेंद्र मेश्राम असं प्रत्येक टेबलावर सांगायचा. टोमॅटोच्या आंबट रश्श्याला हलकी लाल, मलईच्या रश्श्याला भरीव पांढरी, खिम्याच्या घट्ट रश्श्याला तशीच कडक लाल. स्वतः मात्र त्यानं कधी थेंब चाखला नव्हता. घरात पंचशील म्हटलं जायचं आणि त्यातलं पाचवं, नशा न करण्याचं शील तो मनापासून पाळायचा. दुसरा घोट घेताना गिऱ्हाइकाचा चेहरा कसा होतो, ते पाहत पाहतच तो सारं शिकला होता.

बायको कामिनी गेली, आणि जरीपटका भागातल्या घरी एकट्यापुरतं शिजवावंसं त्याला वाटेना. हॉटेलच्या ओट्याशी उभ्याउभ्याच दोन घास पोटात ढकलायची सवय लागली. म्हणून लेक मिनल जावई अंकितला घेऊन पुण्याहून आली, तेव्हा त्यानं रविवारची सुटी काढली आणि आपल्याच हॉटेलात खिडकीजवळचं टेबल धरून ठेवलं. आज दुपारी तो बसून जेवणार होता, लेकीच्या समोर.

मिनलनं झणझणीत लाल रश्श्याचा पास्ता मागवला, स्वतःसाठी आणि नवऱ्यासाठी. बाबांसाठी मलईचा. अंकितनं कडक लाल वाइन सांगितली.

"ते नका घेऊ जावईबापू, तिखटावर जीभ भाजते." धर्मेंद्र उठलाच. "थंड, गोडसर पांढरी पाहिजे. मीच आणतो. नव्या माणसाले सापडणार नाही."

"बाबा, बसा ना."

"बसतो ना वं."

बसला नाही. बाटली आणली, हातावर रुमाल टाकून ओतली आणि आपल्याच खुर्चीमागं उभा राहिला. अंकितनं दुसरा घोट घेतला तसा त्याच्याकडं पाहून धर्मेंद्रचा चेहरा खुलला.

"मस्त आहे बाबा. आता तुम्ही जेवा."

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून हाक आली, "धर्मेंद्रभाऊ, या मलईवाल्यासंगं काय चालंल गा?"

"आज सुटी आहे त्यांची," मिनल म्हणाली. पण तो तिथं पोचलासुद्धा होता. तिथून पुढच्या टेबलावर, तिथून त्याच्याही पुढच्या.

परतला तेव्हा दोघांचं जेवण आटोपलं होतं. त्याच्या ताटातली मलई थिजून पास्त्याचा गोळा झाला होता.

"तुम्ही काहून बसत नाही बाबा? आम्ही काय गिऱ्हाईक आहोत?" मिनलनं पर्स उचलून मांडीवर घेतली. "आता आमच्या गाडीची वेळ झाली."

धर्मेंद्रनं खुर्चीची पाठ धरली. बसतो म्हणावं, थांब म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठावर आलं. पण इतक्या वर्षांत टेबलाशी उभं राहून त्याच्या तोंडात जे बसलं होतं, तेच बाहेर पडलं.

"अजून काही आणू?"

त्यानं दोन रिकामी ताटं आणि एक भरलेलं ताट सराईतपणे एकाच हातावर रचलं आणि तो आतल्या दाराकडं निघाला. खांद्यानं दार ढकलून दिसेनासा झाला. पर्स मांडीवर घेऊन बसलेली मिनल त्या दाराकडं पाहत राहिली, त्याचं हलणं थांबेपर्यंत.