अंगठ्याला झेपेल असं

माझा दादा बत्तीस वर्षं गणवेशांच्या कारखान्यात कापड बेततो आणि त्यातली पंचवीस वर्षं एका हौशी वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवतो. दोन्हींचा भार उजव्या अंगठ्यावर. कात्रीचं समजू शकते, पण क्लॅरिनेटचंही सगळं वजन म्हणे त्याच अंगठ्यावर तोललेलं असतं. मला हे परवापरवापर्यंत माहीत नव्हतं. दुखणं अंगावर काढण्यात दादाचा हात धरणारा कोणी नाही, आणि वहिनी गेल्यापासून त्याला विचारणारंही कोणी उरलेलं नाही.

एक दिवस माझ्यासमोर त्याच्या हातून चहाचा कप सुटला, तेव्हा त्याला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "कात्री नाहीतर वाद्य. एक काहीतरी सोडा."

निवृत्तीला चार वर्षं बाकी, म्हणजे कात्री सुटणार नव्हती. मग वाद्य सोड, असं म्हणणं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या, पण त्याचा चेहरा बघून गप्प बसले. कार्यक्रम वर्षाला जेमतेम सहा, पण दर गुरुवारी तालीम असते. आठवड्यातून तेवढ्या एका संध्याकाळी दादा कुणाशी तरी चार शब्द बोलतो.

शेवटी त्यानेच मार्ग काढला. जुनं लाकडी क्लॅरिनेट घरी, पाच-दहा मिनिटांपुरतं. वाद्यवृंदासाठी दुसरं घ्यायचं, हलकं.

शनिवारी दुकानात गेलो. दुकानदाराने तीन काढून ठेवली. दादाने पहिलं उचललं, ओठांशी नेलं आणि तसाच स्टुलावर बसून राहिला.

"वाजवून बघा ना," दुकानदार म्हणाला.

"बघतो." मग मला म्हणाला, "घड्याळ लाव. चौदा मिनिटं."

पुढच्या कार्यक्रमातली सर्वांत लांब रचना चौदा मिनिटांची होती. आवाजाचं नंतर बघू, आधी अंगठा टिकतो का ते कळू दे, असा त्याचा हिशेब. आता भर दुकानात एक पांढऱ्या केसांचा माणूस क्लॅरिनेट तोंडाला लावून मुका बसलाय आणि शेजारी त्याची बहीण घड्याळ धरून उभी! आलेलं गिऱ्हाईक आमच्याकडे बघत निघून गेलं. दुकानदाराने एकच फळी तीनदा पुसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिलं क्लॅरिनेट लाकडी. सहाव्या मिनिटाला अंगठा थरथरायला लागला. दुसऱ्याच्या वेळी नवव्या मिनिटाला.

"ठेव रे खाली, कशाला जिवाचे हाल करतोस?" मी म्हटलं.

त्याने मानेनेच नाही म्हटलं. दहाव्या मिनिटाला हात आपोआप खाली आला. कपाळ घामाने भिजलं होतं. थोडा दम खाऊन त्याने तिसऱ्याकडे हात केला, आणि मला त्याची इतकी दया आली की रागच आला.

तिसरं प्लॅस्टिकचं, शिकणाऱ्या मुलांचं, तेही वापरलेलं. बारा मिनिटं झाली, तेरा झाली. अंगठा लाल झाला होता, पण जागचा हलला नाही. चौदा झाल्यावर मी "झाली!" म्हणून ओरडले, तेव्हा दुकानदारानेही सुटकेचा निःश्वास सोडला.

"आता तरी वाजवा," तो म्हणाला.

दादाने चार ओळी वाजवल्या. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण त्याचं घरचं वाजवणं मी वर्षानुवर्षं ऐकलंय. हा आवाज त्याच्यापुढे अगदीच पोकळ होता. दुकानदार दुसरीकडे बघायला लागला.

"हे द्या," दादा म्हणाला.

"अरे, आवाज तरी बघ! पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा येतोय," मी म्हटलं. "पंचवीस वर्षं वाजवलंस ते यासाठी?"

दादाने क्लॅरिनेट मांडीवर आडवं ठेवलं आणि डाव्या हाताने अंगठा चोळत राहिला.

"सगळ्यांच्या आवाजात माझा कुणाला कळणार नाही," तो म्हणाला. "मला फक्त तिथे बसायचंय गं, त्यांच्यात."