पूजेला बसलेली तलवार

अण्णा गेल्याची बातमी माहेराहून, दुबलगुंडीहून आली तेव्हा मी बिदरला, आमच्या मैलूरच्या घरी भाकरी थापत होते, आणि हातातली पूर्ण होईपर्यंत थापतच राहिले. थोरला भाऊ गेला की बहिणीला हंबरडा फुटतो म्हणतात. मला फुटला नाही. महिना उलटला, अजून नाही... त्याच्या आठवणींच्या पुरवणीसाठी दोन चांगले शब्द लिही, असं घरच्यांनी सांगितलंय. दोन सापडतात तेवढे देते. अण्णा मेहनती होता आणि त्याला दारूचा वास खपत नसे. आता बाकीचं.

माझी रेणू सहा-सात वर्षांची असताना शेजारच्या खालाबींचा मुलगा दुबईहून सुट्टीवर आला आणि त्याने तिला एक तलवार आणली. लाल मूठ, दुधी रंगाचं लांब पातं. बटण दाबलं की मुठीपासून टोकापर्यंत हिरवा उजेड पळायचा आणि ‘झ्यांव’ असा आवाज यायचा. कशावर आपटली की पोलादावर पोलाद खणखणल्यासारखी वाजायची. आमच्या बिदरात तेव्हा असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. रेणूने मच्छरदाणीचा किल्ला केला. मी शाळेत शिकवून दमून आले की ही दारात तलवार आडवी धरून उभी, आणि परवलीचा शब्द सांगितल्याशिवाय आत सोडायची नाही. शब्द रोज वेगळा, आणि तो तिलाच ठाऊक. एकदा ‘वांगं’ होता. तो ओळखेपर्यंत मी बाहेर पायरीवर बसले होते, आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडायचं.

त्या दसऱ्याला आम्ही माहेरी गेलो. खंडेनवमीला आमच्या देवघरात हत्यारांची ओळ मांडतात. फाळ, कुऱ्हाड, विळे, आजोबांची गंजकी तलवार. एकदा कुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी ती घरच्या पुरुषांनीच उचलायची, ही रीत. रेणूने आपली तलवार त्या ओळीत नेऊन ठेवली आणि मोठ्या गंभीरपणे हात जोडले. मला कौतुक वाटलं. मीच तिच्या पात्याला कुंकू लावलं. सेलवर चालणाऱ्या खेळण्यालाही तो नियम लागेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

अण्णाच्या मात्र आलं. दसऱ्याला सीमोल्लंघन करून आल्यावर त्याने ती देवघरातल्या उंच खुंटीला टांगून टाकली. आम्ही परत निघालो तेव्हा मी मागितली.

“पूजेला बसल्यालं हत्यार पोरीच्या हातात देत नसत्यात.”

“आरं अण्णा, खेळणं हाय ते. सेलवर चालतंय.”

“मग पूजेला बसवलं कामून?”

रेणू रडायला लागली. तेव्हा त्याने तिला जवळ ओढलं आणि हसत म्हणाला, “कामून रडायलीस? आमच्या दत्तूची बायको होऊन ये या घरात. मग तलवार तुझीच की.” दत्तू म्हणजे त्याचा मुलगा. सगळी माणसं हसली. मला हसू आलं नाही, कारण माझं लग्नही त्याने असंच हसत हसत ठरवलं होतं, मला न विचारता. त्यानंतर दर दसऱ्याला निरोप यायचा, तलवार वाट बघायलीय म्हणून. मी माहेरी जाणंच सोडलं. रेणूने काही दिवस पट्टी घेऊन किल्ला राखला, मग तोही मोडला.

तेराव्याला आम्ही दोघी गेलो. रेणू आता दहावीत आहे. तलवार त्याच खुंटीला होती, पातं दिसू नये इतकी कुंकवाची पुटं चढलेली. मला वाटत होतं, निदान दत्तू तरी तिच्याशी खेळला असेल. विचारलं तर तो म्हणाला, “न्हाई, आत्या. अप्पांनी मला बी कधी हात लावू दिला न्हाई.”

म्हणजे एका लेकराकडून काढून घेतली ती दुसऱ्याला द्यायलासुद्धा नाही. नुसती टांगून ठेवायला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

वहिनी पदर सावरत हळूच म्हणाल्या, “त्येंची लई इच्छा होती हो... रेणू या घरात आली की तलवार तिचीच.”

मी स्टूल ओढलं, वर चढले आणि ती काढली. “वहिनी, ही आत्तासुद्धा तिचीच हाय,” म्हणाले आणि सगळ्यांसमोर रेणूच्या हातात दिली. रेणूने ती उलटीपालटी करून पाहिली. बोटांना लागलेलं कुंकू ओढणीला पुसलं. बटण तिने दाबलंच नाही.

“आई,” ती म्हणाली, “आता हिचं मी काय करू?”

सध्या तलवार आमच्या कपाटावर पडून आहे. मी नवे सेल आणलेत. ते घातल्यावर ती वाजेलही कदाचित. पण दारात उभं राहून मला अडवणारं आता घरात कुणी नाही, आणि याबद्दल मी अण्णाला माफ केलेलं नाही.