साहेबांचं पिकॅनचं झाड

भोपाळच्या चार इमली भागातल्या एका सरकारी बंगल्याच्या मागच्या अंगणात पिकॅनचं एक झाड होतं. बहुधा अजूनही असेल. मी बघायला जात नाही. त्या बाजूला काम निघालंच तर रिक्षावाल्याला लांबच्या रस्त्याने घ्यायला सांगते, आणि तरीही तोंडाला कडवट पाणी सुटतं.

मी बागांची पर्यवेक्षक. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, मी इथेच शिकले, इथेच नोकरीला लागले. साहेब लोकांच्या बंगल्यांतली हिरवळ, गुलाब, कुंड्या यांवर देखरेख ठेवायची, एवढंच काम. त्या बंगल्यातले साहेब एकदा पहाडी भागाच्या दौऱ्यावरून पिकॅनचं कलम घेऊन आले. अक्रोडाच्या कुळातलं झाड. फळ लांबट, कवच पातळ, गर गोडसर. साहेबांनी ते परदेशात खाल्लं होतं.

बंगल्यावरचा माळी नागपूरजवळच्या सौंसरकडचा, संत्र्याच्या बागेत वाढलेला म्हातारा माणूस. मी त्याला काका म्हणायची. या झाडाचं मूळ सरळ खोल जातं म्हणून त्याने छातीएवढा खड्डा खणला, कलम लावलं, आणि हात झटकत मला म्हणाला, "बाई, साहेबाले आत्ताच सांगून टाका. एकट्या झाडाले फळ धरत नाही. याचा परागाचा तुरा आधी झडते, फळ धरणारं फूल मागून येते. दुसऱ्या जातीचा जोडीदार लागते याले."

मी सांगितलं. साहेब हसले. "मॅडम, निगेटिव्ह मत सोचिए."

सात वर्षांत झाड दोन मजले उंच झालं. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी हिरवे तुरे लोंबायचे, झडायचे, आणि फळाच्या नावाने शून्य. झाडाने दिलं ते एकच, चिकटा. पानांखाली माव्याची कीड बसायची आणि वरून साखरेच्या पाकासारखं काहीतरी अखंड ठिबकत राहायचं. खालची फरशी चपलेला धरायची. त्या पाकावर काळी बुरशी चढायची, माश्या घोंगावायच्या. काका साबणाचं पाणी मारायचा, दोन दिवसांनी पुन्हा तेच. बाईसाहेबांनी तिकडे कपडे वाळत घालणंही सोडून दिलं होतं.

मग नोव्हेंबरातल्या एका सकाळी साहेबांनी मला बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांचे वरिष्ठ सपत्नीक जेवायला येणार होते. साहेबांची पुढची नेमणूक त्या गृहस्थांच्या हातात होती, आणि साहेबांनी त्यांना कुठल्याशा बैठकीत सांगून ठेवलं होतं की आमच्या पिकॅनला यंदा फळं लागलीत.

टेबलावर न्यू मार्केटमधून आणलेली कवचासकट पिकॅनची पिशवी होती. शेजारी हिरव्या दोऱ्याचं रीळ आणि गोंदाची ट्यूब.

"जरा सजा दीजिए," साहेब म्हणाले. दिवाळीची माळ लावायला सांगावं तसं.

"सर, झाडावर ही अशी नसतात. हिरव्या सालीत असतात. साल पिकून फुटते तेव्हा आतून हे निघतं."

"उन्हें क्या पता?"

मी पिशवी घेऊन मागे गेले. काकाने आत डोकावून बघितलं आणि मान हलवली. "मी नाही करत हे, बाई. मले घरी पाठवा, नोकरीवरून काढा. झाडाची विटंबना आहे ही." मग तो पंपाजवळ जाऊन पाठमोरा बसला.

मीही नाही म्हणू शकले असते. कोणी माझं मुंडकं उडवणार नव्हतं. फार तर बदली झाली असती. पण मी शिडी लावली आणि चढले.

त्या दोन तासांची आठवण माझ्या कातडीतच राहिली आहे. गोंदाला सडक्या मासळीसारखा वास होता. पानांवरचा चिकटा केसांत, मानेवर, कानामागे लागला. मुंग्या बाहीत शिरल्या. फळाच्या बुडाला गोंदाने दोरा चिकटवायचा, तो वाळेपर्यंत बोटांत दाबून धरायचं, मग डहाळीला गाठ मारायची. बोटं एकमेकांना चिकटत होती, सोडवताना साल निघत होती. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मी फळं नीट जुळवून बांधतेय. कुठे दोन, कुठे तीन, फांदीच्या टोकाशी, खरोखर लागतात तशी. जी चमकत होती ती पानाआड घालतेय. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. हे काम चांगलं व्हावं असं मलाच वाटत होतं. आजही सगळ्यात जास्त किळस मला त्याचीच येते.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मंडळी मागच्या अंगणात आली. मी ट्रे घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या शेजारी उभी. वरिष्ठांच्या पत्नीने हात उंचावून एक फळ ओढलं. ते निघालं, आणि त्याच्याबरोबर वीतभर हिरवा दोराही.

सगळ्यांनी बघितलं. साहेबांनी, बाईसाहेबांनी, त्या गृहस्थांनी, ट्रेवाल्याने. खरं सांगायचं तर मला थोडं हायसंच वाटलं. आता हे संपेल, असं वाटलं.

त्या बाईंनी दोरा दोन बोटांत गुंडाळला, त्याची बारीक गोळी केली आणि हिरवळीवर टाकून दिली. मग फळ नवऱ्यापुढे धरून म्हणाल्या, "देखिए, कितना फ्रेश है!"

गृहस्थांनी आणखी एक तोडलं, दोन्ही फळं मुठीत धरून एकमेकांवर दाबून फोडली, गर तोंडात टाकला. "वाह. बाजारवाले में ये बात कहाँ!"

"इन मॅडम की मेहनत है," साहेब म्हणाले.

टाळ्या वाजल्या. मला एक फळ देण्यात आलं. दुकानात पडून पडून त्याचं तेल खवट झालं होतं. मी ते चावलं, गिळलं आणि हसले. त्या हसण्याचा फोटो निघाला.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती एक लाजिरवाणी दुपार म्हणून सोडून दिली असती. पण त्या गृहस्थांना, किंवा त्यांना खूश ठेवू पाहणाऱ्या आणखी कोणाला, पिकॅन शेतकऱ्यांपर्यंत पोचवायची कल्पना सुचली. महिन्याभरात माझ्यापुढे कागद आला. भोपाळच्या हवेत या झाडाला फळ धरतं, असा तांत्रिक अभिप्राय. सहीची जागा रिकामी होती. ती मी भरली. कलमं वाटली गेली. सोबत एक पुस्तिका, तिच्यात तो फोटो. काका त्याच सुमारास निवृत्त होऊन सौंसरला गेला. जाताना मला भेटला नाही.

चार पावसाळे गेले. बैरसियाकडचा एक शेतकरी ती पुस्तिका पिशवीत घालून कचेरीत आला. माझा चेहरा फोटोशी ताडून त्याने अदबीने विचारलं, "मॅडम, आपके पेड में चौथे साल कितने फल आये थे?"

"तुमच्याकडे त्या जागी आधी काय होतं?" मी विचारलं.

"अमरूद."

फळं देणारी पेरूची बाग उपटून त्याने पिकॅन लावला होता.

रविवारी मी त्याच्या शेतावर गेले. काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन. कमरेएवढी खुरटलेली रोपं, शेंड्याला बारीक पानांचे झुबके, झाडाला पोषण मिळत नसल्याची खूण. सगळी एकाच जातीची. जगली असती तरी फळ धरायची आशा नव्हती. बांधावर त्याची बायको शेंगा निवडत होती. मी दोघांनाही सांगितलं. त्या झाडाला कधीच फळ आलं नव्हतं. फोटोतली फळं बांधलेली होती.

"किसने बांधी?" तिने विचारलं.

"मैंने."

तिचे हात थांबले. नवरा रोपांकडे बघत राहिला. तिने उठून तांब्या आणला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "पानी पी लो, और जाओ."

सोमवारी मी कचेरीत लेखी दिलं की माझा अभिप्राय खोटा होता. मला समज मिळाली, बागांवरून उचलून बियाण्यांच्या गोदामात टाकलं. पुस्तिका मात्र कोणी मागे घेतली नाही.

पुढच्या पावसाळ्यात मी रोपवाटिकेतून पेरूची कलमं घेतली आणि टेम्पो करून त्या शेतावर नेली. पिकॅनच्या जागी नांगर फिरला होता. त्याने कलमं स्वतः एकेक उतरवली. मी हात लावायला गेले तर म्हणाला, "रहने दीजिए." त्याची बायको दारात उभी होती. तिने आत बोलावलं नाही.

परत येताना टेम्पोत बसल्यावर मला उमगलं की तिने बोलवावं, चहा तरी विचारावा, अशी मी मनातून वाट बघत होते. स्वतःची पुन्हा शिसारी आली. गाडी हायवेला लागेपर्यंत मी मान वर केली नाही.