साडूभाऊंचा हिरवा दिवा

आमच्या साडूंइतका हट्टी आणि समोरच्याचं डोकं उठवणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो त्यांनीच हाताखाली घेऊन तयार केलेला असेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. राहायला जालन्यात मस्तगडला, धंदा कॉम्प्युटरच्या तारा जोडण्याचा. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जावं लागे त्या काळात हे गृहस्थ तारेला पिन बसवायची पक्कड शर्टाच्या खिशात पेनसारखी लावून हिंडत. माझ्या पुतणीच्या लग्नातही ती खिशात होती. आहेराच्या फोटोत वधूवर अंधुक आणि पक्कड स्पष्ट आली आहे.

त्यांना समजावून सांगण्याचा रोग होता. पंगतीत शेजारी बसलेल्या, कॉम्प्युटर कधी न पाहिलेल्या माणसाला ते वरणभातावरून सुरुवात करून ताकापर्यंत तारेच्या दोन टोकांची गोष्ट सांगत. "हे बघा, सोयरिकीच्या बैठकीसारखं हाय. पिन घातली की दोन्ही टोकं आधी आपापलं सांगतात, मला एवढा वेग जमतो, मला तेवढा. मंग दोघांला झेपंल ते ठरतं, अन् हिरवा दिवा लागतो. पण एक टोक आधीच अडून बसलं, बोलंचना, तर दुसरं बिचारं गुमान कमीपणा घेतं. दिवा लागतो, पण संसार बराबर होत न्हाई." कमीपणा म्हणजे काय, तर एकानं बोलायचं तेव्हा दुसऱ्यानं थांबायचं. एरवी एकाच वेळी दोघं बोलतात आणि दोघांनाही सगळं ऐकू येतं. हे पटवायला ते आमच्या बायकांकडे बोट दाखवत. दोघी बहिणी भेटल्या की खरोखरच एकदम बोलतात आणि एकही शब्द वाया जात नाही. त्या काळात वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांची ही आपोआप चालणारी बोलणी बऱ्याचदा फिसकटत, म्हणून साडूंचा त्यांवर विश्वास नव्हता. ते दोन्ही टोकं स्वतः हातानं एकाच वेगावर बसवत. इतका संशयी माणूस मी पाहिला नाही.

त्याहून भयंकर त्यांची सकाळची घंटी. रोज बरोबर सात वाजता आमचा फोन एकदाच वाजे आणि बंद होई. दाढीचा साबण तोंडाला लावून मी पहिल्यांदा धावलो तेव्हा पाय घसरून आपटलो होतो. जाब विचारला तर म्हणाले, "बोलायचं काही न्हाई, सर. तार रिकामी असली तरी दोन्ही टोकं एकमेकाला सारखी खूण देत राह्यतात, मी हाय म्हणून. खूण थांबली की दिवा गेला." मी म्हटलं, साडूभाऊ, आम्ही माणसं आहोत. ते म्हणाले, "मंग तर जास्तच लागतं." मी उलट घंटी कधीच दिली नाही. असल्या खुळाला खतपाणी कोण घालणार!

परतूरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात वीस कॉम्प्युटर आणि सगळ्यांच्या फाइली ठेवणारा एक मुख्य कॉम्प्युटर आला तेव्हा प्रयोगशाळा माझ्याकडे होती, आणि तारांचं काम माझ्याच शिफारशीनं साडूंना मिळालं. काम संपवून त्यांनी मुख्य कॉम्प्युटरवर स्वतःच्या गिचमिड अक्षरात कागद चिकटवला: "दोन्ही टोकं हातानं बसवली हायत. हात लावू नये." माझ्या प्रयोगशाळेत मला सूचना! तोवर मी एक पुस्तिका वाचली होती आणि तिच्यात आपोआप ठरवणं सर्वांत उत्तम असं छापलेलं होतं. विषयाला कायम मान्यता द्यायची की वर्ग बंद करायचा, हे ठरवायला औरंगाबादहून समिती येणार होती. तिला सारं अद्ययावत दिसावं म्हणून आदल्या दिवशी दुपारी मी मुख्य कॉम्प्युटरचं टोक ‘आपोआप’वर टाकलं; दुसरं टोक हातानंच बसवलेलं आहे, याचं मला भान नव्हतं. हिरवा दिवा लागला. एक फाइल उघडून पाहिली, उघडली. मी कागद फाडून टोपलीत टाकला.

दुसऱ्या दिवशी समितीसमोर वीस मुलांनी एकदम फाइली मागितल्या आणि वीसही पडदे थिजले. दिवा मात्र हिरवागार. संस्थेच्या सचिवांचा चेहरा तांबडा झाला. मागच्या बाकावर सफारी घालून बसलेल्या साडूंकडे बोट करून मी म्हणालो, "साहेब, काम यांचं आहे. नातं पडलं म्हणून मी आजवर गप्प बसलो."

साडू उठले. मुख्य कॉम्प्युटरवर वाकले आणि कागदाच्या जागी उरलेला डिंक त्यांनी बोटानं चाचपला. मग ते टोक कशावर बसवलंय, ती आतली नोंद उघडून पाहिली. एकदा माझ्याकडे पाहिलं. दोन मिनिटांत विसांच्या वीस फाइली धडाधड उघडल्या. "चूक माझीच हाय, साहेब," ते सचिवांना म्हणाले. "एक टोक बसवायचं राहून गेल्तं."

वर्गाला मान्यता मिळाली. माझं कौतुक झालं. संस्थेच्या जाफराबादच्या दोन शाळांचं काम साडूंना मिळायचं ठरलं होतं, ते दुसऱ्याला गेलं, आणि ‘टोक विसरणारा’ हे नाव त्यांना जालन्यापर्यंत चिकटलं. पुढं कितीतरी वर्षं आमच्या घरी जेवताना बायको त्यांची त्यावरून थट्टा करायची. ते हसायचे. मी भात कालवत राहायचो.

आणि त्या दिवसानंतरच्या सकाळी, सात वाजता, घंटी वाजली होती. एकदाच. मी फोनजवळच उभा होतो.

गेल्या वर्षी साडू गेले. घंटी थांबली. सात वाजले की माझा दाढीचा हात थांबतो, आणि साबण तोंडावर वाळून जातो. मला या माणसाची आठवण येते, आणि स्वतःची लाज वाटते.

परवा शेवटी मीच सातला मस्तगडचा नंबर फिरवला. एक घंटी देऊन ठेवणार होतो, पण अक्कांनी लगेच उचलला. मग त्या दुपारी मी काय केलं होतं ते सगळं त्यांना सांगून टाकलं.

"मला म्हाईत हाय, सर," त्या म्हणाल्या. "समिती आल्ती त्याच दिवशी घरी येऊन सांगितल्तं त्यांनी. म्हणले, सरांला कधी कळू देऊ नको मला सांगितल्याचं, तोंड दाखवायला लाजतील."

त्यानंतर बोलण्यासारखं दोघांकडेही काही नव्हतं. फोन मात्र बराच वेळ कुणीच ठेवला नाही.