उजव्या गुडघ्याचा एमआरआय

बाबांनी आयुष्यभर आरोग्याच्या प्रचाराची पत्रकं लिहिली आणि मी अक्षरओळख त्या पत्रकांवरच केली. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: ‘आजार लपवणे म्हणजे आजाराशी हातमिळवणी.’

त्याच माणसाला लघवीतून रक्त गेलं, तेव्हा त्यानं अमरावतीभर सांगितलं की गुडघा दुखतो.

डॉक्टर तपासून म्हणाले, प्रोस्टेटला गाठ हाताला लागतेय. रक्ताची चाचणी नॉर्मल असली तरी एक विरळा कॅन्सर तिला चकवतो, एमआरआय करा. बाबा कबूल झाले, पण अकोल्यात. तिथे ओळखीचं कोणी नाही.

अकोल्याच्या सेंटरात पहिल्याच बाकावर आमच्या गल्लीतले शेजारी! बायकोच्या कमरेसाठी आले होते.

“कशाचा एमआरआय?” काउंटरवरच्या मुलीनं विचारलं. बाबा खिशात चष्मा शोधू लागले. शेजाऱ्यांनाच राहवेना. “गुडघ्याचा. उजवा आहे न जी, काकाजी?”

बाबांनी चक्क मान हलवली.

“प्रोस्टेटचा!” मी सभेत बोलावं तशी बोलले. सगळा हॉल वळला.

“हळू बोल न वो!”

“काहून? हातमिळवणीचं कोनं लिहिलं होतं?”

“ते लोकाईसाठी होतं.”

एमआरआयमध्ये गाठ दिसली. आता बायोप्सी. सुई कुठल्या वाटेनं जाणार हे ऐकल्याबरोबर बाबा उठले आणि तडक गेटकडे निघाले. मी मागे धावले.

“तुले लाज नाही, मले आहे!”

“तुमच्या लाजेपायी मी बाप गमावू काय?”

ते रिक्षात चढता चढता थांबले. मग परत फिरले.

रिपोर्टात तोच विरळा कॅन्सर निघाला. पण अजून गाठ प्रोस्टेटच्या बाहेर गेली नव्हती, ऑपरेशन होऊ शकत होतं. घरी येईपर्यंत मी बसच्या खिडकीबाहेर बघत डोळे पुसत होते. बाबा मात्र मधेच म्हणाले, “विरळा म्हंजे आपल्या जिल्ह्यात मी एकटाच असन काय?”

गल्लीच्या तोंडाशी शेजारी भेटले. आवाज खाली आणून म्हणाले, “काकाजी, कसं काय मंग... ते?”

“ते म्हंजे काय? प्रोस्टेट म्हना!” बाबांचा जुना आवाज परत आला होता. समोरच्या गॅलरीतही ऐकू गेला. “कॅन्सर आहे त्याले. ऑपरेशन आहे. अन् तुमी? रातच्याले लघवीले किती डाव उठता?”

शेजाऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

“येतो जी,” ते म्हणाले. “उभं राहवत नाही. गुडघा दुखून राहिला.”