हनुवटीवरचे पाच ठिपके

भारत राठोडच्या हाताला थांबणं ठाऊक नव्हतं. लोहारा गावातल्या गॅरेजमध्ये मोटरसायकलच्या टाक्या रंगवता रंगवता तो शोभेच्या छोट्या विमानांकडे वळला. नागपूरचं एक दुकान त्याला प्लास्टिकची जोडलेली विमानं पाठवायचं आणि भारतने ती रंगवून काचेसारखी चकचकीत करून द्यायची. स्प्रे गन चालवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण रंग वाळला की गडी ओला पॉलिश पेपर घेऊन घासायला बसायचा. अजून थोडं, अजून थोडं करता करता पंखाच्या कडेचा रंगच निघून जायचा आणि खालचा करडा प्रायमर उघडा पडायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. बायको शीला म्हणायची, "विमान रंगवून राह्यले का भांडे घासून राह्यले?"

यावर तोड निघाली ती आईमुळे. मानीबाईच्या हनुवटीवर पाच ठिपके गोंदलेले होते, बंजारा तांड्यातल्या जुन्या बायांच्या असतात तसे. एकदा ती सहज पंखात डोकावली आणि म्हणाली, "अरे, माह्ये पाचही ठिपके दिसून राह्यले. बस कर आता." तेव्हापासून तोच कायदा झाला. ठिपके एकमेकांत मिसळलेले दिसले तर अजून घासायचं, सुटे दिसले की पेपर खाली. आईने 'बस' म्हटलं की भारत त्या विमानाकडे वळूनही बघत नसे, कारण बघितलं की हात शिवशिवायचे. कापडात गुंडाळून थेट खोक्यात.

मानीबाईलाही हे काम जिवापाड आवडायचं. नवरा गेल्यापासून तिने आरशात पाहणं सोडलं होतं. कोणी सोडायला लावलं नव्हतं. कोणासाठी पाहू, एवढंच ती म्हणायची. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून शेतही सुटलं होतं. पण लेकाने "याडी, पाह्य बरं" अशी हाक मारली की पदर सावरून, चेहरा पुसून, लग्नाला निघाल्यासारखी यायची. पंखात जरा जास्तच वेळ बघत राहायची. घरात आईला याडी म्हणणारा हा एकच लेक होता, आणि त्याला तिची गरज होती.

यंदा दिवाळीनंतर एक लाल विमान परत आलं. "याच्याआधीचीही अशीच होती, मी बोललो नाही," दुकानदार फोनवर म्हणाला. भारतने विमान अंगणात नेऊन उन्हात धरलं. लाल रंगावर संत्र्याच्या सालीसारखी खडबड होती. शिकाऊ पोरानेही असं काम बाहेर जाऊ दिलं नसतं.

तो तणतणत घरात आला. लाल विमान टेबलावर आपटलं आणि आईला दाखवायला पुन्हा उचलायला गेला. रागाच्या भरात हाती आलं ते शेजारचं, नुसता प्रायमर मारलेलं. तेच त्याने तिच्यासमोर धरलं. "पाह्य बरं नीट! काय दिसते तुले?"

मानीबाईने पदर सावरला, चेहरा पुसला, वाकली. "दिसते ना बापा. पाचही सुटे सुटे."

भारतने हातातल्या पंखाकडे पाहिलं. त्या राखेच्या रंगात सूर्यसुद्धा दिसला नसता. त्याचा राग कुठल्या कुठे गेला.

"याडी, कवापासून?"

ती म्हणाली, "हाक मारतानी तुह्या आवाज थकला वाटला का मी बस म्हणो. एवढं एकच काम राह्यलं होतं माह्याकडं. सांगतलं असतं तं तेही गेलं असतं."

यवतमाळच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती, आणि आधी आणलं असतं तर थोडी वाचली असती. परतताना भारत ऑटोत तोंड फिरवून रडला. इतकी विमानं त्याने तिच्या डोळ्यांसमोर धरली होती, वीतभर अंतरावरून. बघत मात्र तो पंखाकडेच होता.

लाल विमान त्याने खरवडून नव्याने रंगवलं. रंग वाळल्यावर घासायला बसला. या वेळी त्याने हाक मारली नाही, तोंडच नव्हतं. पण पेपरचा आवाज ऐकून मानीबाई आपणच आली, भिंतीला धरत. पदर सावरलेला, चेहरा पुसलेला.

भारतने पंख तिच्यासमोर धरला आणि तिच्या खांद्यावरून स्वतः वाकून त्यात पाहिलं.

"दिसून राह्यले, याडी. पाचही सुटे."

"अन् बाकीचं तोंड?" तिने विचारलं. "लय म्हातारं झालं का रे? मले आता याद येत नाही."

भारतने पेपर खाली ठेवला.

"सांग ना," ती म्हणाली.

तो कपाळापासून सांगू लागला. हनुवटीपर्यंत त्याला पोचता आलं नाही.